ओळंबा ओढणारा डोंगर

निघण्यापूर्वी मी एका कागदावर पाच ओळी लिहिल्या. डोंगर शिहॅलियन. सुरुवात ब्रेझ ऑफ फॉसच्या गाडीतळापासून, सकाळी साडेनऊला. चढायची वाट पूर्वेच्या सोंडेवरची, उतरायची तीच. दोन वाजता जिथे असेन तिथून परत. खाली पोचल्याचा फोन पाचपर्यंत. कागदाच्या तळाशी गाडीचा नंबर आणि जाकिटाचा रंग. ॲबरफेल्डी गावात ज्या बाईंच्या घरी मी उतरले होते, त्यांच्या हातात तो कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला आणि विचारलं, “पाचला फोन आला नाही तर?”

“सातपर्यंत वाट बघा. मग ९९९ ला फोन करून पोलीस मागा आणि त्यांना सांगा, माउंटन रेस्क्यू हवं आहे.”

त्यांनी मान हलवली आणि कागद फ्रिजवर चुंबकानं लावून टाकला.

स्कॉटलंडच्या डोंगरात एका दिवसाची एकट्यानं चाल करायची असेल, तर तिची सुरुवात पायथ्याशी होत नाही, या कागदापाशी होते. तिथली डोंगरी बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात. हाक आली की नोकरीधंदा, घरदार सोडून माणसं निघतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. पण शोधायचं कुठे, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. चौघं गेली आणि एकाचा पाय मुरगळला, तर एक जवळ थांबतो, दोघं खाली धावतात. एकटीच्या बाबतीत खाली धावत जाण्याचं काम त्या कागदानं करायचं असतं.

सोबत माणूस असण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो एकटं चालू लागल्यावरच कळतो. सोबतचा माणूस शंका घेतो. “अगं, मघाचा ओढा डावीकडे होता ना?” एवढं एक वाक्य कितीतरी चुका वाचवतं. एकटीला असं विचारणारं कुणी नसतं. म्हणून एकटीनं प्रत्येक गोष्ट दोनदा, दोन वेगळ्या साधनांनी पडताळायची. हा नियम मी पुस्तकात वाचला होता. पटला तो शिहॅलियनवर. याच डोंगरावर अडीचशे वर्षांपूर्वी एक खगोलशास्त्रज्ञ चार महिने पावसाशी झगडत राहिला होता आणि त्यानंही सगळं दोन-दोनदा मोजलं होतं.

बुटका, पण उत्तरेचा

शिहॅलियनची उंची १०८३ मीटर. सह्याद्रीत चालायला शिकलेल्या माणसाला हा आकडा फसवतो. आपली कळसूबाई १६४६ मीटरची, म्हणजे शिहॅलियन तिच्याहून साडेपाचशे मीटरनं बुटका. पण डोंगराचा स्वभाव नुसत्या उंचीवरून ठरत नाही. हा डोंगर ५६ अंश ४० कलांच्या उत्तर अक्षांशावर उभा आहे. नकाशावर तीच रेघ पूर्वेकडे ओढत नेली तर मॉस्को तिच्या दक्षिणेला राहतं. अटलांटिकचं उबदार पाणी स्कॉटलंडचे किनारे सौम्य ठेवतं, पण तोच समुद्र एकामागून एक ओली वादळं डोंगरांवर आणून सोडतो. सरासरी दर शंभर मीटर चढाला तापमान सुमारे ०.६५ अंशांनी उतरतं. गाडीतळापासून माथा साडेसातशे मीटर वर, म्हणजे खाली बारा अंश असले तर वर सातच. त्यात वारा आणि ओले कपडे आले की शरीर ज्या वेगानं उष्णता गमावतं, त्याचा सह्याद्रीतल्या माणसाला अंदाज नसतो. पावसाळ्यात भिजणं ही आपल्याकडे मौज असते. इथे भिजून थांबणं धोक्याचं आहे.

दिवसाची लांबीही इथे मोजूनच घ्यावी लागते. जूनमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात दुपारी साडेतीन-चारला अंधार पडतो. मी गेले तो सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, सूर्यास्त संध्याकाळी सातच्या सुमाराचा. तरीही डोक्याला लावायची विजेरी पाठपिशवीत होती, कारण ती लागते ती हिशेब चुकलेल्या दिवशी.

शिहॅलियन हा ‘मन्रो’ आहे. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात ३००० फुटांवरच्या, म्हणजे ९१४ मीटरवरच्या डोंगरांची यादी छापली. स्कॉटलंडमध्ये असे डोंगर थोडेच असतील असा तोवर समज होता. यादीत स्वतंत्र डोंगर निघाले २८३. फेरमोजणीनं काही गळले, काही आले, आज ही संख्या २८२ आहे. १९०१ साली रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांनी यादी पहिल्यांदा पुरी केली असं मानतात. खुद्द मन्रोंची यादी मात्र १९१९ मध्ये ते वारले तेव्हा अपुरीच होती.

नेस्मिथचा हिशेब

कागदावर मी पाचची वेळ घातली ती मनाला येईल तशी नाही. त्यामागे एक जुना नियम आहे. त्याच क्लबचे विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये तो मांडला. दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. मीटरमध्ये सांगायचं तर पाच किलोमीटरला एक तास, सहाशे मीटर चढाला एक तास.

शिहॅलियनची जाऊन-येऊन वाट सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे दोन तास. चढ साडेसातशे मीटर, म्हणजे सव्वा तास. बेरीज सव्वातीन तास. पण नेस्मिथच्या नियमात खाणंपिणं, थांबणं, फोटो काढणं धरलेलं नाही, आणि शिहॅलियनच्या वरच्या भागात धोंड्यांचा लांबलचक पट्टा आहे, तिथे पाय सपाट पडत नाही. म्हणून मी सव्वातीनचे साडेपाच केले. साडेनऊ आणि साडेपाच मिळून तीन. त्यावर दोन तासांची गंगाजळी ठेवली, झाले पाच. नेस्मिथचा खरा उपयोग वाटेवर होतो. एखादा टप्पा हिशेबानं चाळीस मिनिटांचा असेल आणि मला साठ लागले, तर त्या दिवसाचं माझं माप कळतं. मग पुढचे सगळे आकडे त्याच पटीनं वाढवायचे.

आदल्या रात्री हवामान पाहिलं होतं. डोंगरी हवामानाची माहिती देणारी तिथली सेवा नुसता पाऊस-ऊन सांगत नाही. वाऱ्याचा चालण्यावर काय परिणाम होईल, ढग कोणत्या उंचीला टेकतील आणि मन्रोंचे माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के, हेही तिथे लिहिलेलं असतं. त्या दिवसाचा आकडा होता चाळीस. वारा नैर्ऋत्येचा. हे शेवटचे दोन शब्द मी लक्षात ठेवले आणि दुपारी तेच कामी आले.

वाट कुणी बांधली

गाडीतळापासून वाट आधी माळरानातून जाते. दोन्ही बाजूंना हेदरची झुडपं, गुडघ्याइतकी, ऑगस्टमधला जांभळा बहर ओसरून तपकिरी झालेली. पायाखाली पीट, म्हणजे हजारो वर्षं पाण्यात न कुजता साचत गेलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. हेदरमधून एक लालसर ग्राउस पक्षी फडफडत उठला. त्याचं ओरडणं ‘गो बॅक, गो बॅक’ असं ऐकू येतं, असं इथले लोक सांगतात. दूरच्या उतारावरून लाल हरणाच्या नराचं खर्जातलं हंबरणं येत होतं. त्यांचा माजाचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो.

वाट मात्र कोरडी होती. थोड्या थोड्या अंतरावर वाटेला तिरका छेद देणारी दगडांची ओळ लागते आणि तिच्या वरच्या अंगाला उथळ चर असतो. पाऊस वाटेवरून खाली धावायच्या आत ही ओळ त्याला बाजूला काढून देते. वाकून पाहिलं तर प्रत्येक दगडाचा बराच भाग जमिनीत पुरलेला, फक्त एक धार वर. बुटाची टाच लावून ढकलून पाहिलं, हलला नाही. कुणीतरी गुडघ्यावर बसून तो बसवला होता.

याला कारण आहे. शिहॅलियनवर इतकी माणसं चढत, की जुन्या वाटेचा चिखल झाला होता. चिखल दिसला की माणूस कडेनं जातो, कडेचा चिखल होतो, पुढचा आणखी कडेनं जातो. असं करत वाटेचा रुंद ओरखडा झाला आणि तो लांबून दिसू लागला. १९९९ मध्ये डोंगराचा पूर्व भाग जॉन म्युअर ट्रस्टनं विकत घेतला. जॉन म्युअर १८३८ साली स्कॉटलंडमधल्या डनबार गावात जन्मले, अकराव्या वर्षी कुटुंबाबरोबर अमेरिकेला गेले आणि तिथल्या योसेमिटीच्या रक्षणासाठी झटले. त्यांच्या नावानं १९८३ मध्ये ही संस्था निघाली. तिनं वेगळ्या, कमी चढाच्या रेषेवर नवी वाट बांधली आणि जुना ओरखडा पुन्हा हिरवा व्हावा म्हणून काम केलं. एकटी चालत होते हे खरं, पण पाय पडत होते ते कुणीतरी हातानं बसवलेल्या दगडांवर.

आणि या डोंगरावर पाय ठेवायला मला कुणाची परवानगी लागली नाही, हीसुद्धा कुणीतरी केलेली कमाई आहे. स्कॉटलंडमधले डोंगर बहुतांशी खाजगी मालकीचे. एकोणिसाव्या शतकात मोठमोठी रानं शिकारीसाठी राखली गेली आणि चालणाऱ्यांना अडवलं जाऊ लागलं. १८८४ मध्ये खासदार जेम्स ब्राइस यांनी डोंगरात मुक्तपणे फिरू द्यावं असं विधेयक संसदेत मांडलं. ते मंजूर झालं नाही. तसा पूर्ण हक्क कायद्यात यायला २००३ साल उजाडलं. त्या वर्षीच्या स्कॉटिश जमीन सुधारणा कायद्यानं डोंगर, माळ, जंगल, तळी अशा बहुतेक सगळ्या जागी जबाबदारीनं वावरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. घराभोवतीची बाग, उभं पीक अशा जागा त्यातून वगळल्या. ‘जबाबदारीनं’ हा शब्द कायद्यातच आहे. फाटक उघडलं तर लावायचं, कुत्रा मेंढ्यांत सोडायचा नाही, आणि आपल्या चालण्याचा त्रास तिथे राहणाऱ्या-राबणाऱ्यांना होऊ द्यायचा नाही.

डोंगराचं वजन

गाडीतळाजवळ एक स्मारक आहे. १७७४ च्या प्रयोगाची आठवण म्हणून ते उभं केलं आहे. माथ्याकडे जाणारे बरेच जण त्याच्यावरून घाईनं पुढे जातात. खरं तर तिथे थांबून मग चढायला लागावं, म्हणजे डोंगर वेगळा दिसतो.

गवंडी भिंत उभी करताना ओळंबा सोडतो. दोरीला बांधलेलं वजन थेट खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे लोंबतं यावर त्याचा विश्वास असतो. पण गुरुत्वाकर्षण प्रत्येक वस्तूत असेल, तर शेजारी उभा असलेला डोंगरही त्या वजनाला स्वतःकडे थोडं ओढणार. न्यूटननं याचा विचार केला होता. तीन मैल उंच आणि सहा मैल रुंद डोंगरसुद्धा ओळंब्याला दोन मिनिटांच्या कोनाइतकाही ढळवणार नाही, असा त्याचा हिशेब होता. एका अंशाची साठ मिनिटं, त्यातल्या दोहोंहून कमी. इतकं बारीक कसं मोजायचं? १७३८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर हा प्रयत्न केला होता, पण थंडीवाऱ्यात त्यांचं माप भरवशाचं आलं नाही.

पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीनं ही गोष्ट हाती घेतली. ओळंबा किती ढळला हे कळलं आणि डोंगर किती वजनाचा हे काढता आलं, तर तुलनेनं पृथ्वीचं वजन निघेल, असा बेत होता. त्यासाठी डोंगर नीट निवडायला हवा होता. सर्वेक्षक चार्ल्स मेसन १७७३ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडभर फिरले आणि त्यांनी शिहॅलियन सुचवला. तो शेजारच्या डोंगरांपासून सुटा उभा आहे, त्यांची ओढ हिशेबात फारशी लुडबूड करत नाही. त्याची धार पूर्व-पश्चिम आणि अरुंद, दक्षिण-उत्तरेचे उतार तीव्र. म्हणजे दोन्ही बाजूंना डोंगराच्या अगदी पोटाला चिकटून उभं राहता येतं.

प्रत्यक्ष काम केलं ते राज-खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी. १७७४ च्या उन्हाळ्यात ते इथे आले. दक्षिण उतारावर एक आणि उत्तर उतारावर एक अशी दोन निरीक्षणस्थळं उभारली. उपकरण होतं दहा फुटी खस्वस्तिकमापक. त्यातून डोक्यावरून जाणारा तारा पाहायचा आणि तो ओळंब्याच्या रेषेपासून किती कोनावर आहे ते मोजायचं. तारा डोंगराच्या ओढीनं हलत नाही. हलला तर ओळंबाच.

यातलं शहाणपण दोन जागांमध्ये आहे. डोंगराच्या दक्षिणेला उभं राहिलं तर ओळंबा उत्तरेकडे ओढला जाणार, उत्तरेला उभं राहिलं तर दक्षिणेकडे. एकाच जागेवर बसून ‘ओळंबा किती वाकडा’ हे सांगताच येत नाही, कारण सरळ म्हणजे काय हेही आपण त्याच ओळंब्यावरून ठरवतो. दोन्हीकडून मोजलं की मात्र चूक उघडी पडते. सर्वेक्षकांनी साखळीनं आणि थिओडोलाइटनं जमीन मोजली. त्या मापानं दोन स्थळांच्या अक्षांशांतला फरक कोनाच्या मापात ४२.९४ सेकंद निघाला, म्हणजे जमिनीवर सुमारे तेराशे मीटर. ताऱ्यांवरून तोच फरक आला ५४.६ सेकंद. मधले ११.६ सेकंद ही शिहॅलियनची ओढ. एका बाजूला त्याच्या निम्मी. दहा फुटी ओळंब्याच्या टोकाशी हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतं, माणसाच्या केसाच्या जाडीएवढं.

हा केस पकडायला मॅस्केलिन यांनी ४३ ताऱ्यांची ३३७ निरीक्षणं घेतली. उपकरणाचं तोंड आधी पूर्वेकडे, मग पश्चिमेकडे करून मोजलं, म्हणजे उपकरणाची स्वतःची खोट असली तर ती फिटावी. पाऊस आणि ढग यांनी त्यांना आठवडेच्या आठवडे नुसतं बसवून ठेवलं. काम आटोपल्यावर उत्तरेकडच्या झोपडीत निरोपाची मेजवानी झाली, तिला आग लागली आणि मदतीला असलेल्या एका स्थानिक तरुणाचं फिडल जळालं, अशी गोष्ट तिथे सांगतात. मॅस्केलिन यांनी लंडनहून त्याला नवं पाठवलं आणि त्या नव्या वाद्यावर त्यानं गेलिक भाषेत गाणं रचलं.

डोंगराचं आकारमान काढायचं काम गणिती चार्ल्स हटन यांच्याकडे आलं. त्यांच्यापुढे होती कागदभर पसरलेली उंचीच्या आकड्यांची गर्दी. त्यातून डोंगराचा आकार डोळ्यांना दिसेना. तेव्हा सारख्या उंचीचे आकडे त्यांनी रेषेनं जोडले, आणि आकड्यांतून डोंगर उभा राहिला. शाळेत भूगोलात आपण ज्यांना समोच्च रेषा म्हणतो, त्यांचा जमिनीच्या उंचसखलपणासाठी केलेला हा अगदी सुरुवातीचा वापर. १७७८ मध्ये हटन यांचा निष्कर्ष आला. पृथ्वीची सरासरी घनता या डोंगराच्या खडकाच्या पावणेदोनपटीहून थोडी जास्त, म्हणजे पाण्याच्या साडेचारपट. आजचं माप साडेपाचपट. वीसएक टक्क्यांची चूक, तीही बरीचशी खडकाच्या घनतेचा अंदाज कमी धरल्यामुळे. पृथ्वी पोकळ नाही, उलट तिच्या पोटात वरच्या दगडांपेक्षा खूप जड, धातूसारखं काहीतरी आहे, हे या बुटक्या डोंगरानं सांगितलं.

या गोष्टीचा एक धागा भारतात पोचतो. मॅस्केलिन यांचे साहाय्यक रूबेन बरो यांनी शिहॅलियनच्या मोजणीत मोठा वाटा उचलला होता. पुढे ते कलकत्त्याला आले, संस्कृत शिकले, बंगालमध्ये अक्षांशाचा अंश मोजायचं काम त्यांनी सुरू केलं आणि १७९२ मध्ये बक्सरला त्यांचा अंत झाला. नंतर भारताच्या महासर्वेक्षणात ओळंब्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. हिमालयाच्या बाजूचं कलियाना आणि दक्षिणेला मध्य भारतातलं कल्याणपूर, या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक जमिनीवरून एक येई, ताऱ्यांवरून दुसरा. तफावत ५.२३६ सेकंदांची. कलकत्त्यातले आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिशेब केला, तर हिमालयाच्या ओढीनं ती १५.८८५ सेकंद असायला हवी होती. एवढा प्रचंड पर्वत ओढायला हवं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानंच ओढत होता. त्याच वर्षी खगोलज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं, की पर्वतांची हलक्या खडकाची मुळं खाली खोल बुडालेली असतात. भूकवचाचा समतोल समजण्याची सुरुवात अशी झाली. शिहॅलियनला घातलेला प्रश्न हिमालयाला विचारला गेला तेव्हा वेगळंच उत्तर आलं, आणि ते उत्तर अधिक मोलाचं ठरलं.

धोंडे आणि धुकं

बांधलेली वाट सोंडेवर चढते आणि संपते. पुढे क्वार्टझाइटचे धोंडे. करडे-पांढरे, धारदार कडांचे, ओले असले की निसरडे. काही बसके, काही पाय देताच डुगडुगणारे. समोर माथा दिसतो, त्यावर पोचलं की मागे आणखी एक. असे खोटे माथे एकामागून एक येतात. एकट्या माणसाचा धीर इथे खचतो, कारण ‘हा बघ, आलाच’ म्हणणारं कुणी नसतं. मी नकाशा पाहिला. दहा-दहा मीटरच्या समोच्च रेषा, दर पन्नासाला एक जाड. दोन जाड रेषा अजून बाकी होत्या. डोळे सांगत होते तो माथा खरा नव्हता, हे हटन यांच्या रेषांनी आधीच सांगितलं.

सव्वाबाराला माथ्यावर पोचले. माथा लहानसा, खडकाळ, पाच-सात माणसं जेमतेम बसतील असा. पश्चिमेला लॉख रॅनोखचं लांब पाणी चमकत होतं, त्यापलीकडे रॅनोखचं ओसाड, ओलं माळरान. दहा मिनिटं हे सगळं दिसलं. मग नैर्ऋत्येकडून ढग आला आणि मीठ पाण्यात विरघळावं तसं एकेक नाहीसं झालं. बारा मीटरवरचा धोंडा दिसेना.

उतरायचं होतं पूर्वेकडे. होकायंत्राची कड नकाशावर माथ्यापासून सोंडेच्या रेषेवर टेकवली, चकती फिरवून तिच्यातल्या रेघा नकाशाच्या उभ्या रेघांशी समांतर केल्या. मग यंत्र छातीशी धरून स्वतः वळले, सुईचं लाल टोक आपल्या खोबणीत बसेपर्यंत. समोर जी दिशा आली ती उतरायची. पावलं मोजत निघाले. सपाटीवर शंभर मीटरला माझ्या डाव्या पायाची पासष्ट पावलं होतात, धोंड्यांवर नव्वदच्या आसपास.

तिसऱ्या शंभराच्या मध्यावर मला एक वाट दिसली. चांगली मळलेली, दगड बसलेले, उजवीकडे खाली जाणारी. मन म्हणालं, हीच. मी तिच्यावर वीसेक पावलं उतरले. होकायंत्र पाहिलं तर ते डावीकडे बोट दाखवत होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला होकायंत्रच चुकलंसं वाटलं. धुक्यात हे जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. आणि सोबत कुणी नव्हतं.

म्हणून दुसरा साक्षीदार बोलावला. वारा नैर्ऋत्येचा. सकाळी पश्चिमेकडे चढताना तो डाव्या गालावर होता. पूर्वेकडे उतरताना तो उजव्या खांद्याच्या मागून यायला हवा. मी टोपी मागे सारली. वारा उजव्या गालावर, थोडा समोरूनच लागत होता. म्हणजे माझं तोंड दक्षिणेकडे वळलेलं होतं. वारा बदललाही असेल, म्हणून तिसरा साक्षीदार पाहिला. सोंडेवर समोच्च रेषा एकमेकींपासून लांब आहेत, उतार मंद असायला हवा. इथे धोंडे पायाखालून सुटून खाली घरंगळत होते. तिघांची साक्ष एक झाली. वीस पावलं वर चढून परत गेले, यंत्राच्या रेषेवर उभी राहिले आणि मग पुढे निघाले. पाठपिशवीच्या पट्ट्याला शिट्टी होती. मिनिटाला सहा फुंकी, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा, हा तिथला मदतीचा इशारा. तिला हात लावावा लागला नाही.

पाऊण तासानं ढगाचा तळ डोक्यावर राहिला आणि खाली हेदर दिसलं. बांधलेल्या वाटेच्या पहिल्या आडव्या दगडावर मी बसले आणि सकाळचा राहिलेला सँडविचचा अर्धा तुकडा खाल्ला. ज्या उतारावर मी चुकून वळले होते, त्याच दक्षिण अंगाला मॅस्केलिन यांचं पहिलं निरीक्षणस्थळ होतं. एका बाजूनं पाहिलेलं खरं मानायचं नाही, हे त्यांना ताऱ्यांनी शिकवलं होतं, मला एका मळलेल्या वाटेनं.

गाडीपाशी तीन वाजायला दहा मिनिटं असताना पोचले. खोऱ्यात फोनला रेंज नव्हती. ॲबरफेल्डीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावून फोन केला आणि ‘उतरले’ एवढंच सांगितलं.

घरी गेले तेव्हा कागद अजून फ्रिजवर होता. माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘फोन पाचपर्यंत’. त्याच्यापुढे बाईंनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘३.४०, आली’.